सॅक मोजताय? मग शेजारचा माणूसही बघा

गेल्या रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर, गुलाबाची सुप्रभात आणि आवळ्याचे गुणधर्म यांच्या मधोमध, एक व्हिडिओ येऊन पडला. ‘एनएफएलमधले सगळ्यांत फुगवलेले दहा डिफेन्सिव्ह लाइनमन.’ टाकणारे आमचे दाजी, मुक्काम सनीवेल, कॅलिफोर्निया. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, डिफेन्सिव्ह लाइनमन म्हणजे बचावाच्या पुढच्या ओळीतला गडी. दाजींना यातलं ओ की ठो कळत नाही. पोराने त्यांना पाठवला, त्यांनी आम्हाला. यादीत सातव्या नंबरावर जस्टिन स्मिथ, सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्स.

मी सोडून दिलं असतं. असले दहाच्या याद्यांचे व्हिडिओ रोज येतात आणि आवळ्याच्याच वाटेने जातात. पण रात्री ताईचा फोन आला. भाचा पंधरा वर्षांचा आहे, शाळेच्या संघात लाइनवर खेळतो, कोच त्याला आतल्या जागेवर उभा करतो. तर साहेबांनी जाहीर केलं होतं की आपण आता आत खेळणार नाही, कडेला खेळणार, नाहीतर खेळणंच सोडणार. ‘आत खेळून काही होत नाही म्हणे,’ ताई म्हणाली. ‘लहानपणापासून तूच त्या स्मिथच्या गोष्टी सांगून त्याचं डोकं भरवलंस. आता तूच निस्तर.’

निस्तरतोय.

व्हिडिओचं म्हणणं थोडक्यात असं. १४ वर्षांत फक्त ८७ सॅक, आणि एकाही हंगामात दोन आकडी संख्या नाही. सिनसिनाटीत सात वर्षं वाया घालवली, तरी सॅन फ्रान्सिस्कोने बख्खळ पैसे मोजले. नाव झालं ते ऑल्डन स्मिथ नावाच्या तरुण खेळाडूच्या जिवावर. समोरच्यांचे शर्ट धरून ठेवायचा. मंद होता. त्या जागेवर खेळायला अक्कल लागत नाही, वजन लागतं. आणि शेवटी नेहमीचं, सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकलेला नाही, हॉल ऑफ फेम (महान खेळाडूंचं सन्मान-दालन) नाही. हे सगळं साडेतीन मिनिटांत, मागे ढोल.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. आक्रमण करणाऱ्या संघाचे पाच धिप्पाड लोक एका ओळीत उभे असतात. मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. त्यांच्या मागे चेंडू घेऊन पास कुणाला द्यायचा ते शोधणारा क्वार्टरबॅक. बचाव करणाऱ्याने ही भिंत ओलांडून, चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅकला पाडलं की झाला सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा-अर्धा. एनएफएलने हा आकडा अधिकृतपणे नोंदवायला सुरुवात केली तीच मुळी १९८२ साली. त्याआधी साठ वर्षं हा खेळ सॅक न मोजता सुखाने चालला होता, हे सॅकवर जीव टाकणाऱ्यांनी अधूनमधून आठवावं.

आता आकडा. ८७ खरा आहे. त्यात एक गंमतही आहे, जी व्हिडिओवाल्याच्या नजरेतून सुटली. सिनसिनाटीत सात हंगाम, साडेत्रेचाळीस सॅक. सॅन फ्रान्सिस्कोत सात हंगाम, साडेत्रेचाळीस सॅक. तंतोतंत निम्मे. मग सिनसिनाटीत तो ‘वाया गेलेला’ आणि सॅन फ्रान्सिस्कोत सलग पाच वर्षं, २००९ ते २०१३, प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंत, निवडलेला, हे कसं? सॅक तर तेवढेच. म्हणजे फरक सॅकमध्ये नाही, दुसऱ्या कशात तरी आहे, एवढी शंका तरी माणसाला यायला हवी होती.

फरक कामात होता. नायनर्सच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या, पद्धतीत ओळीत तीनच जण उभे राहायचे आणि त्यांच्या मागे चार लाइनबॅकर. तिघांनी समोरच्या पाचांना गुंतवून ठेवायचं, मागच्यांनी मोकळ्या अंगाने धावत येऊन पाडापाडी करायची. कडेने येणाऱ्या लाइनबॅकरचे सॅक मोजतात तसे या तिघांतल्या एंडचे (ओळीच्या टोकाला उभ्या राहणाऱ्याचे) मोजणं म्हणजे आचाऱ्याला ‘तुम्ही किती पानं वाढलीत?’ असं विचारण्यासारखं आहे.

आणि सॅक कमी म्हणून माणूस हलका, हे मान्यच करायचं तर मग रिचर्ड सीमोरचं काय करायचं? २००१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ कॉलेजातले नवे खेळाडू निवडतात त्यात, स्मिथ चौथा निवडला गेला, सीमोर सहावा. न्यू इंग्लंडकडून सीमोरने बरीच वर्षं याच प्रकारचं काम केलं. त्याचे एकूण सॅक साडेसत्तावन्न. स्मिथपेक्षा साडेएकोणतीस कमी. तो २०२२ साली हॉल ऑफ फेममध्ये गेला. व्हिडिओवाला शेवटच्या मुद्द्यात हॉल ऑफ फेमला देवासारखा मानतो आणि पहिल्या मुद्द्यात त्या देवाने कोणाला दर्शन दिलं ते बघत नाही. दोन मुद्दे एकमेकांच्या उरावर बसलेले, आणि मधे साडेतीन मिनिटांचंही अंतर नाही.

सिनसिनाटीचं दोन वाक्यांत संपवतो. तो संघ त्या सात वर्षांत एकदाच, २००५ च्या हंगामात, प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, पोचला आणि पहिल्याच सामन्यात पिट्सबर्गकडून हरला, आणि ओळीतल्या एका माणसावर त्याचं खापर फोडायचं असेल तर खुशाल फोडा. २००८ मध्ये नायनर्सनी त्याला सहा वर्षांसाठी साडेचार कोटी डॉलरचा करार दिला तेव्हा नाकं मुरडली गेली हे खरं आहे, कारण आदल्या हंगामात त्याचे सॅक होते फक्त दोन. पुढे काय झालं ते वर आलंच.

आता ऑल्डन. या मुद्द्यासाठी मी हा एवढा खटाटोप करतोय.

आधी नावांचा घोळ. आपल्याकडे एका वर्गात चार पाटील असावेत तसे त्या संघात स्मिथ होते. क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथ, आमचा जस्टिन, आणि २०११ मध्ये सातव्या क्रमांकावर निवडून आणलेला ऑल्डन. कोणी कोणाचा नातेवाईक नाही. जस्टिन आणि ऑल्डन दोघं मिझुरी विद्यापीठाचे, पण दहा वर्षांच्या अंतराने. ऑल्डनने पहिल्याच वर्षी १४ सॅक केले. दुसऱ्या वर्षी, २०१२ मध्ये, साडेएकोणीस. त्याच वर्षी जस्टिनचे तीन. व्हिडिओत हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवलेत, साडेएकोणीस हिरव्या रंगात, तीन लाल रंगात. खाली प्रश्न, ‘कोण कोणाच्या जिवावर?’

प्रश्न चांगला आहे. उत्तर त्याने दिलंय त्याच्या नेमकं उलट आहे.

ऑल्डन कडेला उभा राहायचा, समोरच्या टॅकलसमोर. पास रोखायची वेळ आली की जस्टिन त्याच्याच बाजूला, आतल्या अंगाला, गार्डसमोर यायचा. चेंडू सुटला की जस्टिन सरळ पुढे न जाता तिरका घुसायचा, गार्ड आणि टॅकल यांच्या मधल्या फटीत. गार्डला वाटायचं हा माझा, टॅकलला वाटायचं हा माझा, आणि दोघांना एकदम अंगावर घेण्याइतकी ताकद त्या माणसात होती. तेवढ्यात ऑल्डन त्याच्या पाठीमागून वळसा घालून आत शिरायचा. आत रस्ता मोकळा. क्वार्टरबॅक समोर उभा. याला तिकडे ट्विस्ट म्हणतात. जुने सामने मिळतात, लावून बघा. पण क्वार्टरबॅककडे न बघता ९४ नंबरच्या शर्टाकडे बघा, म्हणजे जस्टिनकडे. ऑल्डन क्वार्टरबॅकपर्यंत पोचतो तेव्हा तो बहुतेक वेळा दोन माणसांच्या खाली कुठेतरी सापडेल.

१९ नोव्हेंबर २०१२, सोमवार रात्र, शिकागो बेअर्सविरुद्ध. ऑल्डनचे एका सामन्यात साडेपाच सॅक. नायनर्स ३२-७ ने जिंकले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी ऑल्डन. असणारच, पोराने कमाल केली होती. तेरा सामन्यांनंतर त्याचे साडेएकोणीस झाले. मायकेल स्ट्रेहॅनचा एका हंगामातला साडेबावीसचा विक्रम आता मोडणार असं सगळे धरून चालले होते. तीन सामने बाकी, साडेतीन सॅक पुरे.

१६ डिसेंबरला नायनर्स न्यू इंग्लंडला गेले. ३१-३ ने पुढे होते. उत्तरार्धात जस्टिनचा दंडाचा मागचा स्नायू फाटला आणि तो बाहेर गेला. न्यू इंग्लंडचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याने बघता बघता ३१-३१ केले. नायनर्स कसेबसे ४१-३४ ने सुटले. पुढचे दोन सामने जस्टिन खेळला नाही. २००१ पासून सलग १८५ सामने सुरुवातीपासून मैदानात उभा राहिलेला माणूस पहिल्यांदाच बाहेर बसला. पहिल्याच सामन्यात सिएटलने नायनर्सना ४२-१३ ने धुतलं.

आणि ऑल्डन? त्या न्यू इंग्लंडच्या सामन्यात शून्य. पुढच्या दोन सामन्यांत शून्य. जस्टिन प्लेऑफला परतला, फाटलेल्या स्नायूवर पट्टा बांधून, एका हाताने खेळल्यासारखा. प्लेऑफचे तीन सामने, त्यातला एक सुपर बोल. तिन्हींत ऑल्डनचे सॅक शून्य. साडेएकोणीसवर गाडी थांबली ती थांबलीच.

हे माझं मत नाही, अधिकृत नोंद आहे. व्हिडिओवाल्याला तीनचा आकडा लाल रंगवायला वेळ मिळाला, सामन्यागणिक यादी उघडायला नाही.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर कोणीतरी खाली येऊन सांगणारच. ऑल्डनचा स्वतःचा खांदाही त्या सुमारास दुखावलेला होता आणि सुपर बोलनंतर त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. म्हणजे सगळी शून्यं जस्टिनच्या नावावर टाकता येणार नाहीत. बरं. टाकत नाही. निम्मी टाका. निम्मी टाकली तरी ‘म्हातारा पोराच्या जिवावर जगला’ हे वाक्य उभं राहतं का ते सांगा. आणि ऑल्डन अस्सल गुणाचा होता, त्याबद्दल वाद नाहीच. त्याला खाली ओढून जस्टिनला वर चढवायचं मला काही कारण नाही.

मी शाळेत सांगलीत कबड्डी खेळलो. डावा मध्यरक्षक. चढाईपटू आत आला की माझं काम त्याच्या परतीच्या वाटेवर अंग टाकायचं. मी वाट अडवली की तो क्षणभर थबकायचा आणि त्या क्षणात आमचा कोपरारक्षक घोटा धरायचा. गुण त्याच्या नावावर. शाळेच्या फळ्यावर नाव त्याचं. मला त्याचं वाईट वाटायचं नाही असं म्हणणार नाही, वाटायचं. पण आमच्या सरांना विचारलं असतंत की संघातून कोणाला काढायचं नाही, तर त्यांनी फळा बघून उत्तर दिलं नसतं.

नायनर्सच्या बाबतीत असं विचारून झालेलं आहे. एनएफएलमध्ये असोसिएटेड प्रेस दरवर्षी हंगाम संपला की क्रीडापत्रकारांच्या मतांवर लीगमधला सर्वोत्तम संघ निवडते. ऑल-प्रो म्हणतात त्याला. प्रो बोलपेक्षा हा मान मोठा, कारण इथे जागा मोजक्या आणि चाहत्यांची मतं नाहीत. २०११ च्या त्या निवडीत जस्टिन स्मिथ पहिल्या संघात आला डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे बचावाच्या ओळीतला आतला गडी, म्हणून, आणि त्याच वर्षी दुसऱ्या संघात आला डिफेन्सिव्ह एंड म्हणून. एकच माणूस, एकच हंगाम, दोन जागा. कारण नेहमीच्या मांडणीत तो कडेचा एंड असायचा आणि पास रोखायच्या मांडणीत आतला टॅकल, आणि मत देणाऱ्यांपैकी काहींना तो एका जागी दिसला, काहींना दुसऱ्या. त्या हंगामात त्याचे सॅक किती? साडेसात. म्हणजे ज्यांचं कामच हा खेळ बघणं आहे, त्यांनी साडेसात सॅकवाल्या माणसाला लीगमधल्या सर्वोत्तमांत बसवलं. आता व्हिडिओवाला म्हणेल की ते पन्नास पत्रकारही फुगवलेलेच. म्हणू द्या.

शर्ट धरण्याचा आरोप. हम्म.

यात तथ्य आहे. वर सांगितलेल्या ट्विस्टमध्ये जस्टिन गार्डच्या किंवा टॅकलच्या छातीजवळचा शर्ट मुठीत धरून ठेवायचा, म्हणजे त्याला ऑल्डनच्या मागे वळता यायचं नाही, ही तक्रार समोरचे संघ उघडपणे करायचे. चलचित्र सावकाश चालवलं तर काही वेळा स्पष्ट दिसतंही. नियम सांगतो की ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला बचावपटूने असं धरून ठेवायचं नाही. दंड पाच यार्ड, वर समोरच्या संघाला नव्याने चार प्रयत्न. पंच ओळीतल्या त्या झटापटीत हा दंड क्वचित देतात, कारण तिथे प्रत्येक जण प्रत्येकाला धरत असतो. आक्रमणातले पाच जण तर एरवी दुसरं काय करतात? तरीही, धरायचा. मान्य. भाच्याला मी ही गोष्ट सांगताना हा भाग दरवेळी गाळायचो, ती माझी चूक.

पण नुसता शर्ट धरून जर कोणालाही दोन माणसं गुंतवता आली असती तर लीगमधल्या प्रत्येक संघाने एक धरणारा ठेवला असता.

मंद होता, या मुद्द्यावर मला फक्त एक तारीख द्यायची आहे. २ ऑक्टोबर २०११, फिलाडेल्फिया. नायनर्स ३-२३ ने मागे होते, तिथून २४-२३ असे पुढे आले. सामना संपायला थोडा वेळ उरलेला आणि ईगल्सचा जेरेमी मॅक्लिन चेंडू झेलून पळतोय. मॅक्लिन रिसीव्हर आहे, पळणं हाच त्याचा धंदा. ईगल्सना जिंकायला एक किक पुरेशी होती आणि त्या किकच्या टप्प्यात ते आले होते. मागून धावत येऊन मॅक्लिनच्या हातातला चेंडू ठोसा मारून कोणी पाडला? १२९ किलोच्या जस्टिन स्मिथने. चेंडू नायनर्सच्या डॅशॉन गोल्डसनने उचलला, सामना संपला. दोनच दिवस आधी स्मिथला बत्तीस वर्षं पूर्ण झाली होती. बाकी ओळीतले लोक एव्हाना कमरेवर हात ठेवून उभे असतात. तो पळत होता. असा मंद माणूस मला प्रत्येक संघात हवा आहे.

आणि आता तो मुद्दा ज्याने मी खरा चिडलो. ‘त्या जागेवर अक्कल लागत नाही, वजन लागतं.’ व्हिडिओत याच्यापुढे पोरांना उपदेशही आहे. आत खेळायचं असेल तर खा, जाड व्हा, उभे राहा.

ताईने मग सांगितलं की भाचा गेले दोन आठवडे रात्री अकराला उठून पीनट बटरची बाटली रिकामी करतोय. कारण आधी त्याने ठरवलं की आत खेळायचं तर पंधरा किलो वाढवायचे. मग व्हिडिओ पुन्हा बघून ठरवलं की आत खेळायचंच नाही. पंधराव्या वर्षी हाडं अजून वाढत असतात, गुडघे घोट्यांवर एवढं वजन झटक्यात चढवलं तर काय होतं हे त्याच्या डॉक्टरला विचारा, साडेतीन मिनिटांच्या ढोलाला नको.

जस्टिन स्मिथ सहा फूट चार इंच, २८५ पौंड. तुम्हाला मला हा आकडा राक्षसी वाटेल, पण त्या जागेच्या मानाने तो हलका होता. त्याच्या शेजारी मध्यभागी उभा राहणारा आयझॅक सोपोआगा ३३० पौंडांचा. समोरचे गार्ड आणि टॅकल बहुतेक तीनशेच्या वर. म्हणजे दर खेळीला तो स्वतःहून जड अशा एका, आणि पुष्कळदा दोन माणसांशी भिडत होता. वजनानेच जिंकायचं असतं तर तो रोज हरला असता.

मग जिंकायचा कसा? कुस्ती बघितलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. पवित्रा. गुडघे वाकलेले, कंबर खाली, पाठ सपाट, आणि समोरचा उभा राहायच्या आत दोन्ही हात त्याच्या छातीखाली. जो खाली, त्याचा जोर वर लागतो. जो ताठ उभा राहिला तो मागे गेला, मग तो कितीही जड असो. दोन जण अंगावर आले तर दोघांच्या मधे एक खांदा आणि एक मांडी घालायची, जमिनीजवळ जायचं आणि जागा सोडायची नाही. हे सगळं चेंडू सुटल्यापासून अर्ध्या सेकंदात, आणि त्याआधी गार्डच्या बोटांवर किती भार आहे ते बघून ताडायचं की खेळी पळण्याची आहे की पासची. अक्कल लागत नाही म्हणे. जो पोरगा ताठ उभा राहून दोघांचा धक्का घेईल त्याची मान आणि कंबर काय सोसते ते व्हिडिओवाल्याने एकदा मैदानाच्या कडेला उभं राहून बघावं.

आणि या कामाची फळं कुठे दिसतात? २०११ मध्ये नायनर्सविरुद्ध चेंडू घेऊन पळणाऱ्यांना सामन्यामागे सरासरी फक्त ७७.३ यार्ड मिळाले. लीगमध्ये सगळ्यांत कमी. पहिल्या चौदा सामन्यांत पळून एकही टचडाउन (चेंडू मैदानाच्या टोकापार नेणं) त्यांच्यावर झाला नाही, पूर्ण हंगामात झाले तीन. सलग ३६ सामने एकाही धावपटूला शंभर यार्ड गाठता आले नाहीत. शेवटी २४ डिसेंबरला सिएटलच्या मार्शॉन लिंचने १०७ यार्ड काढून ती साखळी तोडली. त्या संघाचे आतले दोन लाइनबॅकर, पॅट्रिक विलिस आणि नव्होरो बोमन, दोघंही त्या वर्षी पहिल्या ऑल-प्रो संघात होते. दोघं अफाट होते. पण लाइनबॅकरपर्यंत गार्ड पोचला तर अफाट लाइनबॅकरही जमिनीवर जातो. गार्ड पोचत नव्हते, कारण ते जस्टिन स्मिथ, सोपोआगा आणि रे मॅकडॉनल्ड यांच्याशी झोंबत होते. मॅकडॉनल्ड आणि सोपोआगाची नावं कोणाच्या कुठल्याच यादीत नसतात, चांगल्याही नाही, वाईटही नाही.

राहिलं सुपर बोल आणि हॉल ऑफ फेम. सुपर बोल खेळला, ३ फेब्रुवारी २०१३, न्यू ऑर्लिन्स, फाटलेल्या दंडाने. नायनर्स ३१-३४ ने हरले. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षी कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलच्या दारातच, हरले, एकदा जायंट्सकडून जादा वेळेत, एकदा सिएटलकडून. हॉल ऑफ फेम आहे त्या ओहायोतल्या कँटनला त्याचा अर्धपुतळा नाही, हे खरं. असायला हवा का? मला विचाराल तर हो, पण मी घरचा माणूस झालो. सीमोरकडे तीन सुपर बोल आहेत आणि मतदारांवर त्याचा परिणाम होतो, हेही समजतं. पण ‘हॉल ऑफ फेममध्ये नाही’ आणि ‘फुगवलेला’ यांच्या मधे केवढी तरी मोकळी जमीन आहे. एनएफएलमधले शेकडो उत्तम खेळाडू तिथेच राहतात.

एवढं सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं नाही. पंधरा वर्षांचा मुलगा मामाचं किती ऐकेल याचा मला अंदाज आहे. मी त्याला एक तुकडा पाठवला. १४ जानेवारी २०१२, कँडलस्टिक पार्क, प्लेऑफ, न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्ध. तिकीट तेव्हा परवडण्यासारखं नव्हतं, आम्ही फ्रीमाँटच्या घरात टीव्हीवर पाहिला होता, पोहे खात. त्या सामन्याचं नाव काढलं की सगळे शेवटच्या काही सेकंदांतला व्हर्नन डेव्हिसचा झेल सांगतात, ३६-३२. मी पाठवला तो तुकडा त्याचा नाही. त्यात सेंट्सचा लेफ्ट टॅकल जर्मॉन बुशरॉड, तीनशे पौंडांहून जड, जस्टिनसमोर उभा आहे. जस्टिन त्याला वळसा घालत नाही, बाजूने जात नाही. त्याला तसाच मागे रेटत नेतो, एक-एक पाऊल, थेट सेंट्सचा क्वार्टरबॅक ड्रू ब्रीज याच्या अंगावर. आणि बुशरॉड अजून अडवतोय तेवढ्यात हात लांबवून ब्रीजला पकडून खाली आणतो.

अर्ध्या तासाने भाच्याचा मेसेज आला. शाबासकी नाही, माफी नाही. ‘मामा, एका हातानेच ब्रीजला धरलंय ना? मग दुसरा हात कुठे आहे?’

बुशरॉडच्या छातीवर, मी लिहिलं. पुन्हा बघ.

बघतोय म्हणाला. ताई सांगते, चार वेळा बघून झालाय, आणि पीनट बटरला तूर्तास कुलूप आहे.